जुन्या गाडीचा नवा गॅस

नवरा गेल्यावर बाविसाव्या दिवशी मी गाडी घेऊन नगरला गेले आणि तिचा एसी दुरुस्तीला टाकला. का टाकला असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलं नाही. मुलगी पुण्याला परत गेली होती, तिची रजा संपली होती. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांना म्हटलं, "आई, नगरला जाऊन येते. गाडीचं काम आहे." त्या परातीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत निघ."

आम्ही जामखेडचे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी त्यांना सगळा जन्म अहो म्हटलं, त्यामुळे लिहितानाही 'ते'च येतं. गाडी नव्वदच्या दशकातली. बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती आणि पासिंग परत परत करून आणून चालवत ठेवली होती. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, खर्डा रोडला, रविवारी सकाळी. घेतली तेव्हा एसी चालायचा. पुढे तो बंद पडला आणि नुसता पंखा राहिला. कुणी विचारलं की ते सांगायचे, "ह्याचा जुना गॅस बंद झाला, आता मिळत नाही." हे वाक्य घरात इतकं मुरलं की त्या बटणाकडे आमचं लक्षही जाईनासं झालं. उन्हाळ्यात काचा खाली करायच्या, पावसाळ्यात वर घ्यायच्या.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी आंघोळीनंतर छातीत जळजळतंय म्हणाले. पित्ताची गोळी घेतली. अकराच्या सुमाराला दरदरून घाम आला. गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, वेळ घालवू नका, नगरला न्या. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेली होती, परत यायला तासभर लागणार होता. मी म्हटलं, गाडी दारात आहे, मी नेते.

साडेबाराला निघालो. मी चालवत होते. मागच्या सीटवर आई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ते पाय दुमडून पडले होते. चारही काचा खाली. आष्टीच्या पुढे ते म्हणाले, "काच लाव, झळ लागतीय." आईंनी हँडल फिरवून काच वर घेतली. थोड्या वेळानं म्हणाले, "उघड, कोंडल्यासारखं होतंय." आईंनी उघडली. मग परत लावायला सांगितली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. हँडलची करकर मागून ऐकू येत होती. कडा गावाच्या पुढे ती थांबली. मला वाटलं डोळा लागला असेल. आईंनाही तसंच वाटलं, निदान त्या तसं म्हणाल्या. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसानं त्यांच्या गळ्याला बोटं लावली आणि माझ्याकडे न बघता डॉक्टरांना बोलवायला आत गेला.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, झटका मोठा होता, वाटेत कुणालाच काही करता आलं नसतं. मी विचारलं, "उन्हामुळे झालं का?" ते म्हणाले, "उन्हाचा संबंध लावत बसू नका." मी बरं म्हटलं. त्यांनी जिथे सांगितलं तिथे सही केली.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. रडू येत नव्हतं. भावकीतल्या बायका आपसांत म्हणत होत्या, हिला कुणीतरी रडवा, आत साठून राहील. त्यांनी प्रयत्नही केले. अहोंच्या चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या, त्यांचं नाव घेऊन हंबरडा फोडला. मी चपलांकडे बघितलं. डाव्या चपलेचा अंगठा शिवायला आला होता, एवढंच दिसलं. भाजीत मीठ नाही हे आई बोलल्या तेव्हा कळायचं, तोवर मी अर्धी भाकरी खाऊन झालेली असायची. दहावा झाला, तेरावा झाला, माणसं पांगली. तरी दुपारी कुणी ना कुणी भेटायला येतच होतं. शाळेला सुट्टी, त्यामुळे मला उठून जायला कुठे जागा नव्हती.

विसाव्या दिवशी दुपारी गाडी सावलीत लावावी म्हणून बसले. स्टीअरिंग इतकं तापलं होतं की पदर धरून वळवावं लागलं. गाडी लिंबाखाली लावली आणि उतरायच्या आधी ते एसीचं बटण दाबलं. का दाबलं माहीत नाही. गरम वारा तोंडावर आला, धुळीचा वास आला. बंद केलं. घरात जाऊन गावातल्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "बाई, एसीचं आमी करत न्हाई. नगरला मार्केट यार्डाच्या मागं एक जण हाय. जुन्या गाड्या नव्या गॅसवर करून देतो."

"पण गॅस मिळत नाही ना ह्याचा?"

"जुना न्हाई मिळत. नवा मिळतो की. सगळीकडं मिळतो."

अशी मी बाविसाव्या दिवशी नगरला गेले.

मेस्त्री साठीच्या आसपासचा होता. चष्म्याला मागून दोरी बांधलेली. पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच काम करायचा. बॉनेट उघडून तो बराच वेळ बघत राहिला, मग एका नळीच्या तोंडावरची टोपी काढून आत तारेसारखं काहीतरी दाबलं. आवाज आला नाही. "रिकामी हाय," तो म्हणाला. "एक थेंब गॅस न्हाई आत."

मी विचारलं, "मग नवा नुसता भरून चालत नाही का?"

"भरतेत काही जण. पंधरा दिवस गार लागतं, मग कंप्रेसर जाम. जुन्या गॅसचं तेल येगळं असतं मॅडम, नव्याचं येगळं. नवा गॅस जुन्या तेलाला वाहून न्हेत न्हाई. तेल एकीकडं बसतं आन् कंप्रेसर कोरडा फिरतो. म्हणून आधी आतलं सगळं जुनं बाहेर काढायचं. नळ्या धुवायच्या, रबराच्या रिंगा बदलायच्या, ओल शोषणारा ड्रायर बदलायचा, मग नवं तेल, मग गॅस. दोन दिवस धरा. तुमी जावा घरी, मी फोन करतो."

"मी बसते इथे," मी म्हटलं.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून पंख्यासमोर ठेवली.

मी दोन दिवस त्या खुर्चीवर बसले. मधल्या रात्री एसटीनं जामखेडला गेले आणि सकाळच्या गाडीनं परत आले. घरी भेटायला येणाऱ्यांपेक्षा ते बरं होतं. तिथे कुणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि मला बघायला काहीतरी होतं. त्यानं डॅशबोर्डचा खालचा भाग सोडवून कूलिंग कॉइल बाहेर काढली. तिच्यात लिंबाच्या काड्या, पिसं आणि मातीचा थर होता. नळ्यांचे सांधे सोडवले. प्रत्येक सांध्यातली काळी रिंग काढून तो बोटात दाबायचा आणि ती बिस्किटासारखी तुटायची. तुटलेले तुकडे त्यानं पायाशी टाकले. नव्या रिंगा हिरव्या होत्या. त्या त्यानं तेलात बुडवून एका कागदावर मांडून ठेवल्या. मी त्या मोजल्या, अकरा होत्या.

पहिल्या दिवशी जेवणानंतर त्यानं कंप्रेसर खाली उतरवायला घेतला. बोल्ट सोडवता सोडवता थांबला. एका लोखंडी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ही गाडी कुठली म्हणालात?"

"जामखेडची."

"ही पट्टी माझ्या हातची हाय. इथला मूळचा आधार मोडला हुता, पट्टा आवाज करायचा. मीच वेल्डिंग मारून बसवली." त्यानं चष्मा वर सरकवला. "एक साहेब आलते. उंच. पाटबंधाऱ्यात का कशात हुते. चार वर्सं झाली आसतील. तवाच त्यांना सांगितलं हुतं, नव्या गॅसवर करून टाका म्हणून."

मी विचारलं, "मग त्यांनी का नाही केलं?"

"दोन दिवस गाडी ठिवावी लागंल म्हणलं तर म्हणले, घरी विचारतो." तो पुन्हा बोल्टकडे वळला. "परत काय आले न्हाईत. कसे हायत?"

"गेले. एप्रिलमध्ये."

त्यानं पान्हा खाली ठेवला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट. "कशानं?"

"हार्ट."

तो बाजूला झाला. बाहेर जाऊन माठातलं पाणी घेऊन आला, तांब्या माझ्या खुर्चीजवळ ठेवला आणि परत कामाला लागला.

घरी विचारतो. मी पाणी प्यायले. आणि मग ते सगळं आठवलं, कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवावं इतकं साफ. मे महिना संपत आला होता. मी जेवणाच्या टेबलावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखत होते. ते नगरहून आले, दारातच उभे राहून म्हणाले, एसी होतो म्हणतोय, गॅस बदलावा लागतो, दोन दिवस गाडी ठेवायची, टाकू का? मी मान वर केली नव्हती. म्हटलं होतं, "उन्हाळा संपत आलाय आता. पुढच्या वर्षी बघू." ते बरं म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. कुणी म्हणालं गाडीत उकडतंय, तर ते सांगायचे, गॅस मिळत नाही. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटत होतं. मी विसरले होते असं म्हणणं बरोबर नाही. माझ्या लेखी ते घडलंच नव्हतं.

आता काहीतरी होईल असं मला वाटलं. निदान हात कापतील, रडू येईल. मी वाट बघितली. पलीकडे यार्डात हमाल गोणी टाकत होते, त्याचा आवाज येत होता. काही झालं नाही. मी मेस्त्रीला विचारलं, "चार वर्षांपूर्वीही हे एवढंच काम होतं?"

"एवढंच. तवा तर कॉइल पण बरी हुती."

त्यानं कंप्रेसर उलटा धरून आतलं तेल कापलेल्या बाटलीत ओतलं. काळपट हिरवं, थोडंसंच होतं. कंप्रेसर तसाच पालथा ठेवून दिला, थेंब थेंब निथळत. "रातभर ऱ्हाऊ दे," म्हणाला. मी बस धरायला निघाले. घरी आईंनी विचारलं, झालं का गाडीचं? मी म्हटलं, उद्या होईल.

दुसऱ्या दिवशी सगळं परत जोडलं. नळ्यांत आधी नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडे आले नाहीत. मग त्यानं पंप लावला. आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची असते, नाहीतर आत गंज धरतो, असं त्यानं सांगितलं. पंप तासभर घरघरला. मीटरची सुई शून्याच्या खाली जाऊन टेकली. मग त्यानं पंप बंद केला आणि म्हणाला, "आता नुसतं बघायचं. सुई वर आली तर कुठंतरी गळतंय." तो चहा प्यायला गेला. मी खुर्ची पुढे ओढून सुईकडे बघत बसले. तो आला तेव्हा सुई तिथेच होती.

गॅस भरताना त्यानं सिलिंडर काट्यावर ठेवला. जुन्यापेक्षा थोडा कमी भरायचा असतो, म्हणाला. इंजिन चालू करून एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला. पारा उतरायला लागला. शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यानं एक कागद चिकटवला, त्यावर पेनानं नव्या गॅसचा नंबर आणि तेलाचं नाव लिहिलं. "उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी गेली तर त्याला कळाया पायजे." मग म्हणाला, "जुन्या गॅसवर जितकं गार पडायचं तितकं पडणार न्हाई. मागं कुणी बसलं तर त्यांना जरा उशिरा लागंल."

मी बरं म्हटलं.

चार वाजता निघाले. बाहेर ऊन तसंच होतं. काचा वर होत्या, रस्त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. चिचोंडीच्या पुढे माझी बोटं गार पडली. मनगटावरचे केस उभे राहिले. हे सुख आहे, हे मला कळत होतं. जसं पाढा म्हणताना उत्तर बरोबर आहे हे कळतं तसं. कडा आलं, गेलं. मी मागे बघायच्या आरशात बघितलं, मागची सीट रिकामी होती, तिच्यावर आईंचा एक रुमाल त्या दिवसापासून पडला होता. जामखेडला पोचल्यावर रुमाल उचलला, धुवायला टाकला.

पुढे शाळा सुरू झाली. मी जात होते, शिकवत होते. मुलांनी पहिले काही दिवस दंगा केला नाही, मग करायला लागली. गाडी फारशी काढली नाही. त्या वर्षी घरी सण नव्हते. आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो पिकलाय असं नेत्रशिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि दसऱ्याच्या आधी नगरला ऑपरेशनची तारीख मिळाली. ऑक्टोबरचं ऊन होतं. आई त्या प्रवासानंतर पहिल्यांदाच गाडीत बसणार होत्या. मी मागचं दार उघडलं. त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्होरं बसते." मी पुढचं दार उघडलं.

आष्टी गेल्यावर त्यांनी तळहात जाळीसमोर धरला.

"हे गार येतंय."

"हो. एसी चालू केलाय."

"त्याचा गॅस मिळत न्हाई ना?"

मला सहज सांगता आलं असतं की आता नवीन निघालाय. वाक्य तयार होतं. समोर उसाची ट्रॉली होती, आधी तिला मागे टाकलं. मग म्हटलं, "आई, मिळत होता. चार वर्षांपूर्वीच झालं असतं. त्यांनी मला विचारलं होतं. मी पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

आई समोर बघत होत्या. त्यांना समोरचं किती दिसत होतं कोण जाणे. मी वाट बघत राहिले. त्या दिवशी मागे बसून काच खाली-वर करणारा हात त्यांचा होता. काय बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं.

"आत्ता आठवलं. मला म्हणला हुता तो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एसीचं कर म्हणलं मी, तर म्हणला, तिला शाळेचं लई काम हाय, दोन दिस गाडी न्हाई तर तिची आडचण व्हईल. ऱ्हाऊ दे म्हणला." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "जरा कमी कर ते. पाय गार पडले."

मी पंखा एकवर आणला आणि जाळीचं तोंड दुसरीकडे वळवलं. मला शाळेला गाडी लागत नव्हती. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. त्यांनी आईंना तसं का सांगितलं, मी नाही म्हटलं ते झाकायला की त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे आता कुणाला विचारायचं. नगर येईपर्यंत त्या पेंगत होत्या, डोकं काचेला टेकून.

हॉस्पिटलमध्ये बरीच गर्दी होती. नर्सनं कागद भरताना विचारलं, "सोबत कोण आहे आजी?"

"ही सून. गाडी हीच चालवती," आई म्हणाल्या आणि मग, नर्सनं विचारलं नव्हतं तरी, "मुलगा एप्रिलात वारला. ह्या दोघीच आता आमी."

नर्सनं मान हलवली आणि डोळ्यात थेंब टाकले. आईंना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी आणि चपला घेऊन बसले. समोर चार-पाच म्हातारी माणसं हिरव्या पट्ट्या लावून रांगेत बसली होती, त्यातला एक जण शेजाऱ्याला विहिरीच्या मोटारीबद्दल काहीतरी सांगत होता. ते ऐकता ऐकता मला झोप लागली. किती वेळ लागली कळलं नाही. नर्स खांद्याला हात लावून उठवत होती. "झालं आजींचं. तुम्हाला बोलावतायत." माझ्या गालाला पिशवीच्या बंदाचा वळ उठला होता आणि तोंड डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत ओलं होतं. तिनं ते बघितलं असावं, कारण तिनं टेबलावरचा कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. मी तोंड पुसलं.

आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी. मी खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या आणि त्यांनी उठण्यासाठी माझ्या डोक्यावर हात टेकवला.